रॅक-टायरॉड बदलल्यावर स्टिअरिंग वाकडं राहतंय? दाते सरकवण्याआधी हे तपासा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. रॅक (स्टिअरिंगचं फिरणं आडव्या सरकण्यात बदलून चाकं वळवणारा भाग) गळत होता म्हणून तुम्ही स्वतःच नवा रॅक टाकला, सोबत दोन्ही बाजूंचे टायरॉड एंडही (रॅकपासून चाकापर्यंत जाणाऱ्या दांड्यांची बाहेरची टोकं) बदलले. जुने एंड काढताना आटे मोजले आणि नवे तेवढेच फिरवून बसवले. मग अलाइनमेंट करून आणली, मशीनच्या कागदावर सगळं हिरवं. पण सरळ रस्त्यावर स्टिअरिंग डावीकडे कललेलं राहतं, तुमच्या अंदाजाने वीसेक अंश. गाडी कुठल्याही बाजूला ओढत नाही. ईएसपीचा (घसरणारी गाडी सावरणाऱ्या यंत्रणेचा) दिवा मात्र अधूनमधून लागतो. अलाइनमेंटवाला म्हणतोय की स्टिअरिंग काढून शाफ्टवर दोन दाते सरकवून बसवू, पाच मिनिटांचं काम आहे. तर करू द्यायचं का?

नका करू देऊ. निदान खालचं सगळं तपासून होईपर्यंत तरी नको.

कारण सांगतो. या यंत्रणेत मध्य एक नाही, तीन आहेत. पहिला रॅकचा: पिनियन (स्टिअरिंगच्या शाफ्टच्या टोकाचं दातेरी चाक) रॅकच्या बरोबर मधल्या दातांवर, दोन्हीकडे जायला सारखीच जागा. दुसरा कॉलमचा: स्टिअरिंग, त्याच्या खालची क्लॉक स्प्रिंग (एअरबॅग आणि हॉर्नच्या तारांची गुंडाळलेली पट्टी), इंडिकेटर परत पाडणारा कॅम आणि स्टिअरिंग किती फिरलंय ते सांगणारा अँगल सेन्सर, सगळे आपापल्या शून्यावर. तिसरा चाकांचा: पुढची दोन्ही चाकं गाडी ज्या दिशेने जाते त्या दिशेला. गाडी नवी असते तेव्हा हे तिन्ही मध्य एकाच क्षणी जुळतात. तुम्ही रॅक काढताना कॉलमच्या खालचा यूजे (युनिव्हर्सल जॉइंट, कॉलम रॅकला जोडणारा जोड) सोडवलात, म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्याची गाठ सुटली. टायरॉड एंड बदललेत, म्हणजे पहिल्या आणि तिसऱ्याचीही सुटली. आता चूक या दोन गाठींपैकी एकीत असेल किंवा दोन्हींत थोडी थोडी. स्टिअरिंग दात्यावर सरकवल्याने दोन्ही गाठी आहेत तशाच राहतात. फक्त तुम्हाला दिसणारी खूण हलते.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. उमेदवारीच्या काळात एका गाडीचं स्टिअरिंग मी असंच दोनदा काढून सरकवलं होतं, कारण उस्ताद जेवायला गेले होते आणि गिऱ्हाईक समोर उभं होतं. स्टिअरिंग छान सरळ दिसलं, गिऱ्हाईक खूश होऊन गेलं. आठवड्याने ते परत आलं. उजवा इंडिकेटर अर्ध्या वळणातच पडतो आणि डावा पडतच नाही. वर एअरबॅगचा दिवा कायमचा लागलेला. कव्हर उघडलं तर क्लॉक स्प्रिंगची पट्टी तुटलेली. काढ-घाल करताना ती मोकळी फिरली होती आणि मी ती मध्यावर न आणताच स्टिअरिंग दाबून बसवलं होतं. मूळ चूक एका टायरॉडच्या तीन आट्यांची होती. उस्तादांनी ती वीस मिनिटांत काढली आणि नंतर महिनाभर मला स्टिअरिंगच्या नटाला हात लावू दिला नाही.

आता तुमच्या हिरव्या कागदाबद्दल. अलाइनमेंटचं मशीन चाकांकडे बघतं, स्टिअरिंगकडे नाही. स्टिअरिंग वीस अंश वाकडं धरून चाकं सरळ केली असतील तर मशीनच्या दृष्टीने चाकं सरळच आहेत, ते सगळं हिरवं छापणार. म्हणून ‘टो’ला (चाकं सरळ रेषेपासून किती आत-बाहेर वळलेली आहेत त्या मापाला) हात लावण्याआधी स्टिअरिंग सरळ आणून क्लॅम्पने पक्कं करायचं असतं. त्यातही पद्धत आहे. हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग असेल तर इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग डावीकडे-उजवीकडे चार-पाचदा हलकं झुलवायचं, आपोआप थांबेल तिथून बरोबर सरळ आणायचं आणि मग क्लॅम्प लावायचा. इंजिन बंद ठेवून केलं तर व्हॉल्व्हमधल्या टॉर्शन बारचा पीळ अर्धवट राहतो आणि इंजिन सुरू झाल्यावर मध्य दोन-तीन अंशांनी सरकतो. घाईच्या ठिकाणी क्लॅम्प कोपऱ्यात पडलेला असतो आणि कारागीर गुडघ्याने स्टिअरिंग अडवून काम उरकतो. तुमच्याकडे नेमकं काय झालं ते मला माहीत नाही, पण कागद हिरवा आणि स्टिअरिंग वाकडं या जोडीचा अर्थ बहुतेक वेळा हाच असतो: स्टिअरिंग मध्यावर न लावता टो जुळवला.

आता चूक नेमकी कोणत्या गाठीत आहे ते शोधायचं. एक कागदी चिकटपट्टी आणि एक पेन पुरतं.

गाडी सरळ, सपाट, मोकळ्या रस्त्यावर न्या. एका बाजूला खूप उतार असलेला रस्ता नको, कारण गाडी उताराकडे सरकते आणि तुम्ही नकळत स्टिअरिंग त्याच्या उलट धरता. गाडी सरळ चालू असताना स्टिअरिंग जिथे राहतं तिथे सोबतच्या माणसाला पट्टी लावायला सांगा: एक तुकडा स्टिअरिंगच्या कडेवर वरच्या बाजूला, दुसरा त्याच्या समोर कॉलमच्या कव्हरवर, आणि दोन्हींवरून पेनाने एकच रेघ. ही तुमची ‘गाडी सरळ’ची खूण. आता गाडी थांबवून पुढची बाजू उचला, दोन्ही चाकं हवेत. जॅकवर नाही, स्टँडवर टेकवा. रेघा जुळवा आणि तिथून डावीकडे अडेपर्यंत किती फेरे जातात ते मोजा, अंशांसकट. परत रेघेवर या आणि उजवीकडे मोजा. शेवटाला धक्का देऊन आपटू नका, हलकं टेकलं की पुरे.

आता उत्तर वाचा. समजा, एकूण फेरे तीन आहेत. रेघेपासून दोन्हीकडे दीड-दीड फेरा मिळाला तर गाडी सरळ जाताना रॅक बरोबर मध्यावर आहे. म्हणजे टायरॉड दोन्हीकडे सारखे आहेत, चूक वरच्या गाठीत, यूजेच्या जोडात. पण डावीकडे दीड फेऱ्याला वीस अंश कमी आणि उजवीकडे दीड फेऱ्याला वीस अंश जास्त मिळाले, म्हणजे दोन्हीकडच्या मापात चाळीस अंशांचा फरक पडला, तर गाडी सरळ जाताना रॅकच वीस अंश डावीकडे सरकलेला आहे. मग यूजे बरोबर आहे आणि चूक टायरॉडच्या लांबीत आहे. फरक नेहमी दुप्पट दिसतो हे लक्षात ठेवा, नाहीतर चाळीस बघून तुम्ही चाळीस दुरुस्त कराल. आणि फरक वीसच्या आसपास आला तर चूक दोन्हीकडे वाटलेली आहे, दहा यूजेत आणि दहा टायरॉडमध्ये. असं अजिबात दुर्मीळ नाही.

जोडीला डोळ्यांनीही बघा. खाली जाऊन दोन्ही लॉकनटपासून बाहेर दिसणारे आटे मोजा. एकीकडे आठ आणि दुसरीकडे चौदा दिसले तर टायरॉड असमान आहेत हे कळायला मशीन लागत नाही. दोन-तीन आट्यांचा फरक मी मनावर घेत नाही, त्यापुढचा घेतो.

तुम्ही म्हणाल, आटे मोजून तर बसवले होते. मोजणं चांगलंच, गाडी निदान अलाइनमेंटपर्यंत चालवत नेता येते. पण त्यावर विसंबता येत नाही. नव्या एंडमध्ये आटे कुठून सुरू होतात आणि बॉलचा मध्य किती पुढे आहे हे जुन्यासारखंच असेल असं नाही, वेगळ्या बनावटीचा एंड असेल तर नाहीच. त्यापेक्षा बॉलच्या स्टडच्या मध्यापासून लॉकनटपर्यंतचं अंतर पट्टीने मोजलेलं बरं. आणि रॅकसोबत आतले रॅक एंडही नवे आले असतील तर जुन्या मोजमापाला काही अर्थच उरत नाही.

आता एका आट्याने किती फरक पडतो ते बघू, कारण इथे लोकांचा अंदाज फार चुकतो. बऱ्याच लहान गाड्यांच्या टायरॉडचा आटा १.५ मिमी पिचचा असतो. नकलवरचा (चाक ज्या भागावर बसतं त्यावरचा) स्टिअरिंग आर्म धरा १३० मिमी. टायरॉड पूर्ण एक फेरा फिरवला की लांबी १.५ मिमीने बदलते आणि चाक साधारण ०.६६ अंश वळतं. स्टिअरिंग रेशो १५ धरला, म्हणजे स्टिअरिंग १५ अंश फिरवल्यावर चाक एक अंश वळत असेल, तर एका बाजूचा टायरॉड एक फेरा वाढवून दुसऱ्या बाजूचा एक फेरा कमी केल्यावर स्टिअरिंगची सरळ जागा जवळपास दहा अंशांनी सरकते. एकाच बाजूला एक फेरा चुकला तर? गाडी चालताना पुढची दोन्ही चाकं टोची चूक आपसात निम्मी-निम्मी वाटून घेतात, त्यामुळे स्टिअरिंग पाचच अंश वाकडं दिसतं. पण टो ०.६६ अंश बिघडलेला असतो आणि तो टायर खातो. स्टिअरिंग किंचितच वाकडं आहे, चालवू तसंच, असं म्हणणाऱ्यांसाठी हा हिशेब आहे. यातले आकडे तुमच्या गाडीत थोडे वेगळे असतील, पण दुरुस्ती किती फेऱ्यांची आहे याचा अंदाज यावरून येतो. तुमचे वीस अंश सगळे टायरॉडचे असतील तर दोन्हीकडे सुमारे दोन-दोन फेरे, उलट दिशांना.

कोणत्या दिशेला, तेही सांगतो, कारण गोंधळ इथेच होतो. आधी वाकून बघा की टायरॉड धुरेच्या मागे आहे की पुढे. मागे असेल आणि स्टिअरिंग डावीकडे कललेलं असेल तर डावा टायरॉड आखूड करायचा आणि उजवा तेवढाच लांब. पुढे असेल तर नेमकं उलट. पाठ करायची गरज नाही, विचार केला तरी सापडतं: गाडी सरळ जाताना स्टिअरिंग डावीकडे आहे, म्हणजे स्टिअरिंग सरळ केल्यावर चाकं उजवीकडे बघतील. ती डावीकडे वळवायला हवीत. टायरॉड मागून धरतो, तेव्हा डाव्या चाकाची मागची बाजू आत ओढायची आणि उजव्या चाकाची बाहेर ढकलायची. दोन्हीकडे बरोबर सारखेच फेरे द्या, म्हणजे एकूण टो जिथे होता तिथेच राहील. फेरे मोजायला टायरॉडच्या षट्कोनी भागावर खडूने खूण करा. सहा बाजू म्हणजे एक फेरा, त्यामुळे एकषष्ठांश फेऱ्यापर्यंत हिशेब ठेवता येतो. आणि काही गाड्यांत एका बाजूला उलटे आटे असतात, म्हणून ‘दोन्हीकडे घड्याळाच्या दिशेने’ असलं काही गृहीत धरू नका. फिरवल्यावर लांबी वाढली की कमी झाली ते डोळ्यांनी बघा.

टायरॉड फिरवण्याआधी रॅकच्या रबरी बूटची बाहेरची क्लिप सैल करा. नाहीतर बूट टायरॉडसोबत पिळतो, एक दिवस फाटतो आणि पाणी शिरून नवा कोरा रॅक गंजतो. लॉकनट आवळताना एंड दुसऱ्या पान्याने धरा, असा की बॉल आपल्या हालचालीच्या मध्ये राहील. एंड तिरका राहिला तर स्टड एका बाजूला टेकतो आणि खड्ड्यात टकटक आवाज येतो. लोक मग नवा एंडच खराब निघाला म्हणतात. स्टडच्या खाचांच्या नटात कॉटर पिन जात नसेल तर नट पुढे आवळून भोक जुळवा, मागे कधीच सोडू नका.

इतकं करून परत अलाइनमेंटला जाच. हे फेऱ्यांचं काम तुम्हाला जवळ नेतं, मशीनची जागा घेत नाही. या वेळी मात्र कारागिराला सांगा की आधी स्टिअरिंग सरळ करून क्लॅम्प लाव आणि ‘आधीचे’ आकडे मला दाखव. त्यात दोन्ही चाकांचा वेगवेगळा टो बघा. डावं एक अंश अधिक आणि उजवं एक अंश उणे, बेरीज शून्य, असं काही दिसलं तर दुखणं तिथेच समोर आहे. एकूण टो चांगला असूनही स्टिअरिंग कसं वाकडं राहतं, ते हे दोन आकडे शेजारी ठेवले की समजतं.

दोन्हीकडे दीड-दीड फेरा मिळाला आणि चूक यूजेत निघाली, तर ती यूजेतच दुरुस्त करायची. स्टिअरिंगच्या दात्यांवर नाही आणि टायरॉडवर तर मुळीच नाही. माझा जास्त संशय इथेच आहे. शाफ्टला ३६ दाते असतील तर एका दात्याला दहा अंश पडतात, आणि तुमचे वीसेक अंश म्हणजे मला दोन दात्यांसारखे वाटतात. दात्यांची संख्या गाडीगणिक वेगळी असते, शिवाय कित्येक गाड्यांत एक दाता रुंद किंवा शाफ्टला एका बाजूने सपाट कड असते, म्हणजे जोड एकाच जागी बसतो. तशी सोय तुमच्या गाडीत असेल तर यूजे चुकीचा बसणं शक्य नाही आणि शोध टायरॉडकडे वळतो. नसेल तर आधी रॅक मध्यावर आणा. बाजारातून आलेल्या रॅकचा पिनियन मध्यावरच असतो असं नाही, पेटी उघडून तसाच चढवला तर गफलत तिथेच होते. मग स्टिअरिंग सरळ करून लॉक करा आणि यूजे बसवा. यूजे शाफ्टवर आवळणारा पिंच बोल्ट शाफ्टच्या खाचेतून आरपार गेला पाहिजे. अडला तर ठोकू नका, यूजे पुरेसा खाली उतरलेला नाही असं समजा. आणि हा बोल्ट नवा घ्या. या एका बोल्टवर तुमचं सगळं स्टिअरिंग लटकलेलं असतं.

इथे आणखी एक चूक दबा धरून बसलेली असते आणि ती दिसत नाही, म्हणून जास्त वाईट. रॅक खाली काढलेला असताना कोणीतरी गाडीत बसतं आणि स्टिअरिंगला हात लागतो. ते मोकळं असतं, अख्खा एक फेरा फिरतं. नंतर जोडल्यावर स्टिअरिंग अगदी सरळ दिसतं, कारण ३६० अंशांनी चुकलेलं सरळच दिसतं. पण क्लॉक स्प्रिंग आता एका बाजूला एक फेरा जास्त गुंडाळलेली आहे. पहिल्यांदा त्या बाजूला स्टिअरिंग पूर्ण फिरवलं की तिची पट्टी ताणून तुटते. हॉर्न बंद, स्टिअरिंगवरची बटणं बंद आणि एअरबॅगचा दिवा चालू. तुमचं स्टिअरिंग लॉक न करता रॅक काढला असेल तर हे तपासल्याशिवाय कुठल्याही बाजूला शेवटपर्यंत फिरवू नका. अर्थात वरची फेरे मोजायची चाचणीही याच्यानंतर. तपासायचं म्हणजे बॅटरीची वायर काढून गाडीच्या मॅन्युअलमध्ये सांगितली तेवढी मिनिटं थांबायचं, मग एअरबॅग, मग स्टिअरिंग काढायचं आणि क्लॉक स्प्रिंग मॅन्युअलप्रमाणे मध्यावर आहे का बघायचं. बहुतेकींवर खुणेचे बाण किंवा एक छोटी खिडकी असते. एअरबॅगवर कधी काम केलेलं नसेल तर एवढा भाग जाणत्या माणसाकडून करून घ्या. यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

ईएसपीच्या दिव्याचं कोडं आता सुटतं. ईएसपी अँगल सेन्सरकडून ऐकतं की ड्रायव्हरला कुठे जायचंय, आणि गाडीच्या वळण्याचा वेग आणि चारही चाकांचे वेग बघून ताडतं की गाडी खरंच तिकडे चाललीय का. तुमची गाडी सरळ चालली आहे आणि सेन्सर सांगतोय वीस अंश डावीकडे. दोन साक्षीदारांची जबानी जुळत नाही म्हणून दिवा लागतो. काही गाड्यांत इलेक्ट्रिक स्टिअरिंगही या सेन्सरच्या शून्याकडेच परत यायला बघतं, मग स्टिअरिंग स्वतःहून एका बाजूला ओढल्यासारखं वाटतं आणि लोक टायर अदलाबदल करत बसतात. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी यांत्रिक दुरुस्ती, मग अलाइनमेंट, आणि अगदी शेवटी स्कॅनरने सेन्सरचा शून्य. वाकड्या स्टिअरिंगवर शून्य लावून दिवा घालवता येतो, पण नंतर स्टिअरिंग सरळ केलंत की तोच शून्य चुकीचा ठरतो. स्कॅनरवर चालू आकडे बघा. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग सरळ असताना शून्याच्या आसपास दिसायला हवं. ३६० च्या आसपास दिसलं तर वरचा परिच्छेद पुन्हा वाचा.

आता समजा, सगळं मोजलं, जुळवलं, तरी स्टिअरिंग वाकडं. किंवा रोज वेगळ्याच जागी. रोज वेगळ्या जागी असेल तर तो अलाइनमेंटचा विषयच नाही. मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे नेऊन हलकेच सरळ आणा आणि गाडी थोडी चालवा, स्टिअरिंग कुठे राहतं बघा. मग हेच डावीकडून करा. दोन्ही वेळा वेगळ्या जागी थांबलं तर काहीतरी अडकतंय: शॉकअपच्या वरचं बेअरिंग, आवळून बसलेला बॉल जॉइंट, गंजलेला यूजे, नाहीतर रॅकच्या माउंटिंगचे बुश, ज्यांच्यामुळे अख्खा रॅकच आडवा सरकतो. तुम्ही रॅक नुकताच बसवलाय, तेव्हा हे बुश आणि त्यांचे बोल्ट सगळ्यात आधी. एकाने स्टिअरिंग झुलवायचं आणि दुसऱ्याने रॅकच्या घरावर हात ठेवायचा. घर हललं तर हाताला कळतं. काही गाड्यांत रॅक काढायला सबफ्रेम (पुढचं सस्पेन्शन धरणारा खालचा सांगाडा) खाली घ्यावा लागतो, तोही परत चढताना चार-पाच मिमी सरकून बसू शकतो. त्याच्या भोकांभोवती जुन्या वॉशरचे ठसे असतात, ते जुळलेत का बघा. आणि लोअर आर्मचे बोल्ट चाक हवेत लटकत असताना आवळले असतील तर रबरी बुश पिळलेल्या अवस्थेत अडकतात. ते सैल करा, गाडी चाकांवर उभी करून दोनदा दाबा आणि मग आवळा.

मागची चाकंही बघायची. मागचा टो डाव्या-उजव्या चाकाला असमान असेल तर गाडीचं शेपूट तिरकं चालतं आणि पुढची चाकं त्या तिरक्या दिशेला समांतर होतात. मागे डावं अधिक ०.३ अंश आणि उजवं उणे ०.३ असेल तर दिशा ०.३ अंशाने तिरकी होते, आणि रेशो १५ असेल तर स्टिअरिंगवर साडेचार अंश दिसतात. वीस अंशांचं दुखणं याने होत नाही, पण सगळं दुरुस्त करूनही चार-पाच अंश उरत असतील तर इथे शोधा. पुढच्या दोनच चाकांची अलाइनमेंट करणाऱ्या मशीनला हे दिसणारच नाही.

तुमची गाडी ओढत नाही हे तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत. स्टिअरिंग सोडल्यावर गाडी सरळ जाते पण स्टिअरिंग वाकडं राहतं, याचा उपाय टायरॉड आणि यूजे. स्टिअरिंग सोडल्यावर गाडीच बाजूला जाते, याचा शोध टायर, कॅस्टर-कॅम्बर (चाकांच्या बसवणीचे कलते कोन) आणि अडकलेला ब्रेक. दोन वेगळे आजार आहेत आणि लोक एकाचं औषध दुसऱ्याला देतात.

रॅकऐवजी स्टिअरिंग बॉक्स आणि सलग पुढचा आस असलेल्या मोठ्या गाड्यांचे मालकही हे वाचत असतील, त्यांच्यासाठी थोडं. तिथे टो एका टायरॉडने ठरतो आणि स्टिअरिंगची सरळ जागा ड्रॅग लिंकने (बॉक्सपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याने). टायरॉड बदलून टो जुळवला आणि स्टिअरिंग वाकडं आलं तर ड्रॅग लिंकची बाही फिरवायची, टोला धक्का न लावता काम होतं. या बॉक्समध्ये सगळ्यात कमी ढिलाई बरोबर मध्यावर ठेवलेली असते. म्हणून बॉक्स मध्यावरून सरकलेला असेल तर सरळ जातानाच स्टिअरिंगला खेळ जाणवतो. तो खेळ घालवायला वरचा स्क्रू आवळणारे भेटतील. आधी मध्य तपासा, कारण चुकीच्या जागी आवळलेला बॉक्स मध्यावर आल्यावर जाम होतो.

आणि कोणी म्हणेल, फेरे असमान असले तर बिघडतं कुठे, स्टिअरिंग सरळ दिसतंय ना? बिघडतं. एकीकडे गाडी जास्त वळते, एकीकडे कमी, यू-टर्नला लक्षात येतं. वळताना आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळावं, हे तत्त्व गाड्यांना घोडे जुंपायचे तेव्हापासूनचं आहे. त्याचं पेटंट रुडॉल्फ अ‍ॅकरमन यांनी १८१८ मध्ये इंग्लंडमध्ये जर्मन गाडीकार गेओर्ग लांकेनस्पेर्गर यांच्या वतीने घेतलं होतं. रॅक मध्यावरून सरकलेला असला की आतल्या-बाहेरच्या चाकांचं हे प्रमाण डाव्या वळणाला एक आणि उजव्या वळणाला दुसरं होतं. टायरॉडच्या लांब्या असमान झाल्या की खड्ड्यात चाक वर-खाली होताना टोसुद्धा दोन्हीकडे सारखा बदलत नाही, गाडी धक्क्यागणिक इकडेतिकडे भरकटते.

मग स्टिअरिंग दात्यावरून सरकवायची वेळ कधीच येत नाही का? येते. रॅक मध्यावर, क्लॉक स्प्रिंग मध्यावर, टायरॉड समान, यूजे बरोबर आणि तरी स्टिअरिंग वाकडं, तर तुमच्या आधी कोणीतरी ते सरकवून ठेवलेलं असतं. शाफ्टच्या टोकावर आणि स्टिअरिंगच्या हबवर पंचाची किंवा रंगाची खूण शोधा. दोन वेगवेगळ्या खुणा सापडल्या तर त्यातली जुनी, धूळ बसलेली खूण कारखान्याची असण्याची शक्यता जास्त. तीवर आणून नट टॉर्क पान्याने मॅन्युअलच्या आकड्याला आवळा, इंडिकेटर दोन्हीकडे सारख्या वळणावर पडतो का बघा आणि मग सेन्सरचा शून्य लावा. तुमच्या बाबतीत फेरे मोजून काय आकडे आले ते कळवा, दोन्ही बाजूंचे वेगवेगळे आणि अंशांसकट.